सोन्याचं चिमणाळं

एका राज्यात पाळण्यावर सोन्याचं चिमणाळं वाजायचं. किण्... किण्... फार जुना आवाज. पण माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

चिमणाळं म्हणजे बाळाच्या पाळण्यावर टांगायची पाखरं; ती आजोळहून यावीत आणि चिंध्यांचीच असावीत, असा रिवाज. राणी मृगावतीच्या आईने तशीच पाठवली. राजा वज्रसेन हसला. "चिंध्या? राजपुत्राला?"

तो जादूच्या डोंगरावर गेला. तिथलं चोरलेलं सारं सोन्याचं होई. साळुंकीच्या घरट्यातून त्याने तीन पिल्लं उचलली; ती हातातच सोन्याची झाली. तीच त्याने पाळण्यावर टांगली.

त्या दिवसापासून बाळाचे डोळे फिरले. एक बुबुळ नाकाशी जाऊन बसलं. दुसरं थरथरत इकडून तिकडे धावू लागलं; झोपेतही, पापणीखाली. आईच्या तोंडावर नजर ठरेना.

त्या राज्यात वाकड्या नजरेचं मूल उष्टावणाला खीर चाटवून अरण्यात ठेवून येत. तो दिवस उजाडला. दाईने हळूच विचारलं, "राणीसाहेब, खीर रांधू?" राणीने बाळाला छातीशी धरलं.

खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "रडून माझे डोळे गेले. आता तुझ्या बाळाच्या डोळ्यांनी पिल्लं शोधते आहे."

"परत देते."

"सोनं उडत नाही, बाई. एकाला केस दे, एकाला दूध दे, एकाला नजर दे."

राणीने केस कापून पहिलं पिल्लू त्यांत गुंडाळलं. त्याला पिसं फुटली. दुसऱ्याच्या चोचीत तिने आपलं सारं दूध पिळलं. ते चिवचिवलं; बाळ उपाशी रडत राहिलं. तिसरं तिने स्वतःच्या डोळ्यांशी नेलं.

"तुझी नजर नको," साळुंकी म्हणाली. "घरटं मोडलं, त्याची हवी."

राजा उंबऱ्यात उभा होता. त्याच्या पायाशी अरण्यात न्यायची टोपली होती. तो बराच वेळ टोपलीकडे बघत राहिला. मग आत आला, तिसरं पिल्लू घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

पिल्लू उडालं. तिन्ही पिल्लं साळुंकीमागे डोंगराकडे गेली. दाईने टोपली चुलीत घातली. तशी टोपली त्या राज्यात पुन्हा कोणी विणली नाही.

राणीने चिंध्यांची पाखरं टांगली. बाळाची बुबुळं थांबली, सरळ झाली, बापाच्या तोंडावर येऊन ठरली. बाळ हसलं.

"महाराज, बघा ना! तुमच्याकडेच बघतोय..." राणी बोलून गेली.

राजाने हात पुढे केला. हाताला चिंध्या लागल्या. त्या त्याने क्षणभर मुठीत धरल्या. मग भिंत चाचपत तो निघून गेला.