पाहुण्यांसाठी राखलेली चावी

ही गोष्ट अगदी खरी आहे, देवीची शपथ. मी तिथे हजर होतो. म्हणजे हजर नव्हतो, पण त्याने काय बिघडतं?

फार पूर्वी आबासाहेब तोरसकरांनी एका शेडमध्ये जुन्या मोटारी आणि चावीवर वाजणारी वाद्यं जमवली होती. टायर बसू नयेत म्हणून मोटारी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या. एका बाज्याला त्यांनी पूर्ण चावी दिली, खटका लावला आणि बजावलं, "पाहुणे आले की वाजायचं हं." मग कुलूप घालून ते गेले, ते परत आलेच नाहीत. पाहुणेही आले नाहीत.

शेवटी शेजारची हिरवी मोटार म्हणाली, "बाजेराव, एकदा वाजा की. फार सुनं वाटतं हो."

"तुम्ही घरच्या, बाई. पाहुण्या थोड्याच आहात?"

"मग घरच्यांनी नुसती धूळ खायची?"

बाज्याने खटका काही सोडला नाही. चावी एकदाच पुरणार होती आणि पुन्हा द्यायला कोणी नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी कुलूप तोडून हमाल आले आणि एकेका मोटारीला दोर बांधून बाहेर ओढू लागले. बाज्याने घाईघाईने खटका सोडला. पण इतकी वर्षं ताणून राहिलेली, गंजलेली स्प्रिंग दोन सुरांतच तुटली.

"काय वाजलं रे?" एका हमालाने विचारलं.

"उंदीर असंल. ओढ तू."

दारातून जाताना हिरवी मोटार म्हणाली, "सुरेख वाजलात हो."

हे वाक्य तेवढं मी पदरचं घातलंय. मागे त्या रिकाम्या शेडमध्ये बाज्याला काहीतरी सोबत नको का?