सीताफळाच्या बियांची मूठ

"हात काढ, ठकाई. मूठ परत करायची रीत आपल्या गावात नाही," पाटील तिसऱ्यांदा म्हणाले. ठकाईनं उखळाच्या तोंडावर ठेवलेला हात काही काढला नाही.

ही गोष्ट फार जुनी, तुमच्या-माझ्या पणजीच्याही आधीची. डोंगराआडच्या त्या गावात उन्हाळा सरता सरता एक सण असे. घरोघरी वर्षभर जपलेल्या बिया चावडीपुढच्या एकाच उखळात पडत, त्यांची चटणी कुटली जाई आणि सारं गाव एका पंगतीला बसे. कुणाची मूठ नाकारायची नाही, एवढा एकच नियम. ज्याची मूठ उखळात पडली, तो गावचा झाला.

म्हणून तर बुरुडाची नवी सून गजरा सहा महिने या दिवसाची वाट पाहत होती. पोर दूरदेशची. तिच्या माहेरी सीताफळ कुणी डोळ्यानं पाहिलं नव्हतं. इथं आल्यावर तिनं ते खाल्लं आणि वेडीच झाली. एवढ्या गोड फळाची बी किती गोड असेल, असं म्हणत तिनं एकेक काळी बी धुऊन, वाळवून गाडग्यात साठवली. आणि आज गावादेखत ही म्हातारी तिचीच मूठ अडवत होती. गजराचे कान तापले.

मग काय, ज्याला त्याला तोंड फुटलं. कुणी म्हणे, परकी पोर म्हणून ठकाई आकस धरते. कुणी म्हणे, भोपळ्याची बी चालते, चिंचोका भाजून चालतो, फणसाची आठळी उकडून चालते, मग या बियांनीच काय घोडं मारलंय? पाटलांनी तर निवाडाच देऊन टाकला, की फळ गोड तर बी गोड.

"असं?" ठकाई म्हणाली. "मग पहिली चिमूट तुम्ही चावा, पाटील."

पाटलांना एकाएकी ठसका लागला. गाव खो खो हसलं.

हसली नाही ती गजरा. रागाच्या भरात तिनं चार बिया तोंडाकडे नेल्या, तोच ठकाईनं असा फटका मारला की बिया पार उखळापलीकडे उडाल्या. मग म्हातारीनं सगळ्यांनाच फैलावर घेतलं. सीताफळाचा गर जिभेचा, बी मातीची. ती कुटली की तिचं विष बाहेर पडतं, पूड डोळ्यात गेली तर डोळ्याची आग आग होते. गुंज दिसायला दागिना, पण चावली तर जीव घेते. एरंडाचं तेल दिव्यात घाला, बी तोंडात घालू नका.

गजरा हळूच म्हणाली, "मग मी या गावची नाहीच का?"

ठकाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. भोपळ्याच्या बियांची तिची स्वतःची मूठ होती ती. तिनं ती गजराच्या ओंजळीत रिकामी केली आणि उखळ मोकळं करून दिलं. त्या वर्षी पहिली मूठ गजराची पडली. काळ्या बिया माळावर पेरल्या गेल्या, आणि पुढं त्या माळानं गावाला इतकी सीताफळं दिली की खाऊन खाऊन लोक कंटाळले.

पण ते पुढचं. त्या घडीला पाटील अजून पुटपुटतच होते, की रीत ती रीत, ती मोडली म्हणजे माणसाचा मान गेला.

ठकाईनं मुसळ उचललं आणि म्हणाली, "मान माणसाला न विचारता द्यावा, पाटील, बी मात्र ओळखल्याशिवाय तोंडात टाकू नये."