झिजलेल्या नाण्यातली धुगधुगी

एका राज्यात एक टांकसाळ होती आणि तिच्या अंगणात एक दगडी पुरुष उभा होता. त्याला नाकडोळे नव्हते, उजवा तळहात तेवढा पुढे पसरलेला होता. पूर्वी तो हाडामांसाचा होता. भानुदत्त त्याचं नाव, आणि नाण्यांचे ठसे कोरावेत ते त्यानंच. धूमकेश मांत्रिक एकदा त्याला म्हणाला, "राजाच्या जागी माझं मुख कोर." भानुदत्त म्हणाला, "नाही." एवढ्या एका शब्दापायी त्याची शिळा झाली. मांत्रिकानं त्याचा प्राण तीन नाण्यांत घातला, ती भर बाजारात उधळली आणि म्हणाला, "तिन्ही याच्या तळहातावर परत आली, तर उठेल." शाप देणाऱ्यांना अशी अट घालायची खोडच असते, त्याला कोण काय करणार!

वर त्यानं राजा कनकसेनाच्या डोळ्यांवर मोहिनी घातली. राजाला जुनं काही बघवेना. दवंडी पिटली गेली, की झिजलेलं, भोक पडलेलं, चिरलेलं प्रत्येक नाणं मुशीत वितळवून नवं पाडावं.

भानुदत्ताची बायको सगुणा त्याच टांकसाळीत भट्टीवर काम करी. प्राण असलेल्या नाण्यात धुगधुगी असणार, म्हणून बारा वर्षं ती प्रत्येक नाणं मुशीत टाकण्याआधी कानाला लावत आली होती. संध्याकाळी ती शिळेजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगे. तिला नवऱ्याची फार आठवण येई, जेवायला बसल्यावर तर जास्तच.

एके दिवशी कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. "सगुणे, कुणाच्या हातून सुटत नाही ते नाणं भट्टीत येईल कसं? बाहेर शोध."

"बारा वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," असं म्हणून पक्षी पुढे उडाला. सगुणा मागोमाग निघाली.

पहिलं नाणं गवळवाड्यात सापडलं; कानाला लावताच त्यातली धुगधुगी ऐकू आली. भोक पाडून, दोऱ्यात ओवून ते एका तान्हीच्या गळ्यात बांधलेलं होतं. तिची आई म्हणाली, "बाई, हे काढलं तर लेकीला दृष्ट लागेल." सगुणेनं आपल्या मंगळसूत्रातला एक काळा मणी काढला. तो तिनं बाळाच्या गळ्यात बांधला आणि नाणं घेतलं.

दुसरं एका सराफाकडे होतं. खरं-खोटं पाहायला त्यानं छिन्नीचा घाव घातला, तर नाण्यातून रक्त आलं. तेव्हापासून तो ते कुलपात ठेवून भीत बसला होता. "या ढिगात एक खोटं नाणं आहे. डोळे मिटून काढून दे," तो म्हणाला. सगुणेनं एकेक नाणं दगडावर वाजवलं आणि सतरावं बाजूला ठेवलं. खोटं तेच होतं. सराफानं कुलूप उघडून ते रक्ताळलेलं नाणं तिच्या हातावर ठेवलं.

तिसरं नदीवर, एका म्हाताऱ्या नावाड्याच्या मुठीत होतं. माहेरी जाताना त्याच्या बायकोनं थट्टेनं नावेचं भाडं म्हणून ते त्याच्या हातावर ठेवलं होतं. ती परत आलीच नाही. त्याच्या अंगठ्यानं नाणं दोन्ही बाजूंनी सपाट झालं होतं.

"तिच्याबद्दल कुणाजवळ बोलायचं राहून गेलंय," तो म्हणाला. "ऐकशील?"

सगुणा हिवाळाभर त्याच्या नावेत बसून ऐकत राहिली. सांगायचं संपलं तेव्हा त्यानं मूठ उघडली. "ने, पोरी. दोघांपैकी एकाचं तरी माणूस घरी येऊ दे."

ती परतली तेव्हा टांकसाळीच्या अंगणात राजा होता, आणि त्याच्याशेजारी धूमकेश.

"ही नाणी अशीच ठेवलीस, तर भोक, घाव, झीज सारं त्याच्या अंगावर उमटेल," धूमकेश म्हणाला. "मुशीत टाक. नव्या ठशानं पाडू. गेला तसाच तरुण परत येईल, त्याच चेहऱ्याचा."

सगुणेचा हात भट्टीकडे गेला. खोटं कशाला बोला, गेलाच. जन्मभराची सवय होती, आणि दुसरंही एक होतं. ती नवऱ्याचा चेहरा विसरली होती. आवाज आठवे, हात आठवत, चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येत नसे. हे तिनं शिळेलाही सांगितलं नव्हतं. तो चेहरा एकदा दिसावा म्हणून तिचा जीव तुटत होता.

पण तिनं हजारो नाणी वितळवली होती. वितळलेल्या चांदीत आधीचं काही उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

"नवा येईल तो मला ओळखेल?" तिनं विचारलं.

धूमकेश गप्प राहिला. स्वतः दिलेल्या शापाबद्दल मांत्रिकाला खोटं बोलता येत नसे.

सगुणेनं तिन्ही नाणी दगडी तळहातावर ठेवली. आधी बोटं ऊन झाली, मग छाती हलली. शाप उलटला आणि धूमकेश उभ्या जागी दगड झाला. राजाच्या डोळ्यांवरची मोहिनी उतरली आणि त्यानं तिथल्या तिथे हुकूम दिला, की यापुढे झिजलं नाणंही चालेल.

सगुणेसमोर एक माणूस उभा होता. कानाला भोक, खांद्यापासून छातीपर्यंत वण, केस पांढरे, चेहरा ओढलेला. तिला काहीच ओळखू येईना. तिला रडू फुटलं.

"अहो, मी तुमचा चेहरा विसरले."

भानुदत्तानं स्वतःचे गाल चाचपून पाहिले. "तो आता राहिलेलाही नाही, सगुणे. जवळ ये. हा बघून घे."

ती जवळ गेली आणि बघत राहिली. त्या दिवशी टांकसाळीत एकही नाणं पडलं नाही.