घरचा वास

फार फार मागे, जंगलातल्या एका उंबराच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. तिखी तिथली पहारेकरीण. भेटेल तिच्या मिशांना मिशा लावायच्या, घरचा वास आला की नांगी आत घ्यायची, हा तिथला रिवाज होता.

एका कोपऱ्यातल्या माश्या कामधाम सोडून नुसती अंडीच घालत सुटल्या. कोपरा फुगत चालला, राणीची पिल्लं उपाशी मरू लागली. तिखी फेरीला गेली की त्या मिशा पुढे करत, "आम्ही घरच्याच गं!" वास खरंच घरचा यायचा. तिखी नांगी आत घेई, वर त्यांना मध भरवून येई.

एके सकाळी सुतारपक्ष्याने झाडाला चोच मारली. उंबराचा उग्र चीक त्या कोपऱ्यावर ओघळला आणि घरचा वास पार बुजून गेला. मग तिखीने त्या माश्यांकडे पहिल्यांदाच डोळे उघडून पाहिलं. एकीच्याही पायाला परागाचा कण नव्हता.

तिखीने हाळी दिली. हजारो पंख एकदम घुमले, अख्खा उंबर थरथरला. दिवस कलेपर्यंत कोपरा रिकामा झाला.

राणी थक्क होऊन बघतच राहिली. "एवढं बळ आणलंस तरी कुठून गं?"

"बळ कालही होतं, राणीसाहेब," तिखी हळूच म्हणाली. "मीच ते रोज आत घेत होते."