त्र्यंबकशेठच्या खिशातलं मीटर

गाडीचे पार्ट बोलायचे आणि माणसं ऐकून सोडून द्यायची, तेव्हाची गोष्ट. त्र्यंबकशेठनी आजोबांच्या मोटारीचं इंजिन नव्यानं बांधून घेतलं. नारळ फोडून गाडी सुरू केली, तर ऑइल मीटरचा काटा खाली घसरला.

"शेठ, इंजिनाला तेल पोचत नाहीये. बंद करा, नाहीतर मरेल," मीटर म्हणालं.

"पूजेच्या दिवशी अपशकुनी बोलतोस?" शेठनी ते उपटून शर्टाच्या छातीवरच्या खिशात टाकलं. त्याच्या जागी काटा कायम वर चिकटवलेलं दुसरं मीटर बसवलं.

त्याच दिवशी घाटात इंजिन जाम झालं. शेठनी चिडून खिशातलं मीटर बाहेर काढलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं, तरी काटा सावकाश खाली येत होता.

"आता कोणाचं दाखवतोयस रे?"

"राहू द्या शेठ," मीटर म्हणालं, "आज पूजेचा दिवस आहे."