गेनूचा रिकामा टोला

आंबेदऱ्यात कोर्टाचे कागद टपालानं येऊ लागले, त्याच्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा कुणाच्या घरावर जप्ती आली की कोर्टाचा बेलिफ दारात उभा राहून वस्तूंची यादी वाचायचा आणि गावचा गेनू हलगीवाला एकेका वस्तूला एकेक टोला द्यायचा. टोला पडला की वस्तू उंबऱ्याबाहेर.

हा गेनू महासंशयी. बाजारात नारळ घेतला तरी तीनदा कानाशी हलवायचा आणि घरी आल्यावर बायकोलाही हलवायला लावायचा. लोक हसायचे. पण त्यामागे एक दुखणं होतं. तरुणपणी कागद पुरता न ऐकताच त्यानं एका कुंभाराच्या दारात हलगी वाजवली होती. कागद दुसऱ्याच्याच नावाचा होता, हे कळेपर्यंत कुंभाराचं चाक गेलं आणि चाकामागून कुंभारही गाव सोडून गेला. त्या दिवसापासून गेनूनं कागद, शिक्का, बेलिफ, सावकार, एवढंच काय, स्वतःच्या हलगीवरही भरवसा ठेवला नाही, असं म्हणतात.

एका वर्षी यमुना कोष्टिणीच्या घरावर जप्ती आली. नवऱ्याच्या आजारपणात तिनं सावकाराकडून कर्ज काढलं होतं. नवरा गेला, कर्ज राहिलं, आणि ती ते नाकारतही नव्हती. घरात हातमाग होता तोवर ती लुगडी विणून देणं फेडणार होती. माग गेला असता तर मात्र तिच्या हातात काहीच उरलं नसतं.

बेलिफ नवा होता. येता येता तो सावकाराच्या ओसरीवर जेवला, हे गेनूनं पाहिलं. जेवण होईतो कागदाची पिशवी सावकाराच्या कारकुनाजवळ होती, हेही पाहिलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. यमुनेकडेही त्यानं तिरकंच पाहिलं. हिनं माळ्यावर काही दडवलं नसेल कशावरून? मग त्यानं जाळ करून कातडं ताठ व्हावं म्हणून हलगी शेकली, बोट लागताच टणटणेल इतकी शेकली.

बेलिफ वाचू लागला. घंगाळ, समई, पलंग, घड्याळ. चार टोले पडले आणि दरीत घुमले. मग बेलिफ म्हणाला, "हातमाग, एक."

गेनूचा हात कातड्यावर पडला आणि आवाज झालाच नाही. त्यानं पुन्हा मारला. पुन्हा काही नाही. ना दव, ना पाऊस, कातडं तर अजून ऊन होतं. गावच्या वडावरचे कावळेसुद्धा त्या घटकेला गप्प झाले, असं म्हणतात.

कातडं सैल पडलं असेल, माग उचला, असं बेलिफाबरोबर आलेला सावकाराचा कारकून घाईघाईनं सांगू लागला. गेनू उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"सायेब, फुडं काय लिवलंय?"

"पुढे काही नाही. बेरीज आणि शिक्का."

"मग बेरीज वाचा. शिक्क्यापतूर वाचा."

"एकूण नग चार," बेलिफानं वाचलं आणि तो स्वतःच थबकला. त्यानं कागद उन्हात धरला. मागाची ओळ शेवटच्या फटीत दाटीवाटीनं घुसवलेली होती, शाईही निराळी. ज्याच्यावर पोट चालतं तो माग कोर्टानं मुळात सोडलेलाच होता. कारकून पाणी पिऊन येतो म्हणून गेला, तो आंबेदऱ्यात पुन्हा दिसला नाही.

चार वस्तू गेल्या. माग राहिला. तीन वर्षं विणून यमुनेनं सगळं देणं फेडलं आणि मग गेनूसाठी एक उपरणं विणलं. त्यानं ते उन्हात धरून आधी धागे तपासले, मग त्यातच तोंड लपवून पोटभर रडला.

गेनू जाऊन किती पिढ्या झाल्या. आंबेदऱ्यात आजही कुणाच्या नावे कोर्टाकडून जप्तीचा कागद आला की तो वडाच्या पारावर शिक्क्यापर्यंत मोठ्यानं वाचतात आणि गेनूची हलगी काढून वस्तूमागे एकेक टोला देतात. यादी संपली की वाजवणारा हात आणखी एकदा उचलतो आणि कातड्याला न लावताच खाली आणतो. त्याला गेनूचा टोला म्हणतात.  त्या घटकेला जप्तीसाठी आलेला बेलिफही कागदाची शेवटची ओळ मनात पुन्हा एकदा वाचून घेतो.