बैलगाडीच्या भाड्यात उडनखटोला

"बैलगाडीच्या भाड्यात माणसं आकाशातून गेली पाहिजेत!" रणकेतू महाराज गरजले आणि दरबारातली झुंबरं हलली.

दिवाणजींनी हिशेबाची वही पुढे केली. "महाराज, उडनखटोल्याचं भाडं पाच मोहरा आहे. तेवढ्यातही खजिन्याला खोटच बसते."

"तेच तर! काल शेजारचा राजा भर पंगतीत म्हणाला, 'तुमचे खटोले उडतात खरे, पण त्यांत बसतं कोण? तुमचे मेहुणे!' सगळी पंगत हसली. माझा घास घशातच अडकला! ते काही नाही. येत्या पौर्णिमेला भाडं बैलगाडीचं. खजिन्यातून कवडी मिळणार नाही आणि कुणाचा पगारही कापायचा नाही! जमलं नाही तर तिन्ही खटोले फोडून सरपण करा, आणि खटोलेवाल्यांना राज्याबाहेर हाकला!"

खटोला हाकणारा कोंडिबा घरी येऊन भिंतीला टेकून बसला आणि त्यानं महाराजांचा हुकूम सांगितला. त्याची लेक धुरपा खटोल्यांच्या तळावर झाडलोट करायची. पोरगी महाघाबरट! मांजरानं उडी मारली तरी तिच्या हातातली केरसुणी पडायची. पण राज्याबाहेर जायचं म्हटल्यावर ती घाबरायचंच विसरली.

"आबा, खटोला दिवसातून किती वेळा उडतो?"

"एकदा जातो, एकदा येतो."

"आणि उरलेला दिवस?"

"उरलेला दिवस मानपान! उतरला की शंख, मग ढोल, मग औक्षण, मग पाहुण्यांचं जेवण. त्यानंतर दिवाणजी मुहूर्त बघणार. तोवर उन्हं कलतात."

"म्हणजे घटकाभर उडून कमावतो आणि दिवसभर जमिनीवर बसून खातो!"

दुसऱ्या दिवशी धुरपा दरबारात उभी राहिली. केरसुणी छातीशी घट्ट धरून ती म्हणाली, "महाराज, मी करते हे काम. फक्त तळावरचा माझा नियम कुणासाठी म्हणजे कुणासाठी मोडायचा नाही."

"नाही मोडणार!" महाराजांनी मिशीला पीळ दिला.

धुरपानं पहिला हात घातला तो शंखाला. "हा खाली ठेवा काका. माझ्या छातीत धस्स होतं!"

"आणि माझा पगार?" शंखवाला ओरडला.

"तेवढाच! फुंकायच्या ऐवजी दार उघडा."

ढोलवाले गाठोडी चढवायला लागले. लोड, तक्के, गाद्या बाहेर गेल्या आणि आत बाकं आली. चार मेहुणे लोळायचे तिथे अख्खं वऱ्हाड मावू लागलं. मांडीवर एक गाठोडं फुकट, दुसऱ्याला वेगळं भाडं.

आचारी रुसला. "लोकांना उपाशी नेणार?"

"पिठलं-भाकरी बांधून विका. भूक असेल तो घेईल. विक्रीत वाटा तुमचा!"

आचाऱ्यानं लगेच पीठ मळायला घेतलं.

सुताराचं रडगाणं वेगळंच होतं. "एक खटोला हंस, एक मोर, एक कासव! मोराची खुंटी हंसाला बसत नाही आणि कासवाची कुणालाच बसत नाही. एक मोडली की आठवडा गेला."

"मग तिघांनाही हंस करा!"

कासवाला मान फुटली तेव्हा बघायला अर्धं गाव जमलं.

शेवटी धुरपानं पाण्याच्या घंगाळात भोकाची वाटी सोडली, लग्नघरात घटका मोजायला सोडतात तशी. "वाटी बुडाली की खटोला उडाला! मुहूर्त बंद!"

पौर्णिमा उजाडली. कुंभार आले, बुरूड आले, बगलेत कोंबडी धरून एक आजीबाई आल्या. खटोले उतरत होते, भरत होते, उडत होते. दिवाणजी मान वर करकरून थकले.

दुपारी खुद्द महाराज निघाले. बरोबर सिंहासन, हुक्का, पेटाऱ्यांची रांग आणि टिळा लावायला भटजी. टिळा अर्धा लागला आणि वाटी बुडाली.

"धुरपे, महाराज आलेत गं!" कोंडिबा कुजबुजला.

धुरपानं डोळे घट्ट मिटले. "आबा, उडवा!"

खटोला महाराजांच्या नाकासमोरून वर गेला.

"सुळावर द्या हिला!" दिवाणजी किंचाळले.

महाराज लालबुंद झाले. "पोरी, माझा खटोला मलाच सोडून गेला?"

धुरपा दचकून दोन पावलं मागे सरली, पण बोलली. "महाराज, तो थांबला असता तर तुमच्या टिळ्याचं भाडं आत बसलेल्या आजीबाईंना पडलं असतं! पुढची खेप हुकली असती, तिचा तोटाही त्यांच्याच भाड्यात चढला असता. मग कसलं बैलगाडीचं भाडं? शेजारचा राजा पुन्हा हसला असता. कुणासाठी नियम मोडायचा नाही, हा शब्द तुमचा. मी तुमचा शब्द ठेवला, तुम्हाला खाली ठेवलं!"

महाराज दिवाणजींकडे वळले. "खजिन्यातून किती गेले?"

"कवडी नाही, महाराज," दिवाणजी पुटपुटले. "उलट... थोडे आलेत."

महाराज असे खदखदून हसले की अर्धा टिळा नाकावर ओघळला! सिंहासन तिथेच टाकून ते एक गाठोडं घेऊन नुकत्याच उतरलेल्या दुसऱ्या खटोल्यात बाकावर जाऊन बसले, आचाऱ्याकडून भाकरी विकत घेतली आणि भरल्या तोंडानं म्हणाले, "पोरी, आजपासून तळाची अधिकारी तू! खटोल्यावर तुझ्या नावाचा सोन्याचा कळस चढवतो!"

"नको महाराज, सोनं जड! तेवढ्या वजनात दोन माणसं बसतील."

"मग माग काहीतरी!"

धुरपा लाजली. "तो शंख... कायमचा बंद करा ना!"

"बंद!" महाराज पुन्हा एवढ्या मोठ्यानं हसले की धुरपाच्या हातातली केरसुणी पडली. तेवढ्यात वाटी बुडाली, आणि महाराजांना घेऊन खटोला उडाला.